एक तारखेची ओहोटी

१

माझा नवरा एक तारखेला संध्याकाळच्या ओहोटीत सापडला. खाडीच्या मुखावर शिंपल्या वेचणाऱ्या बायकांना तो तिवराच्या मुळ्यांत अडकलेला दिसला. त्याच्या डोक्यावरच्या फांदीला त्याची हिरवी बादली टांगलेली होती. झाकण घट्ट बसवलेलं होतं आणि आत खेकडे जिवंत होते.

मी बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीचं वेळापत्रक करते. पाणी कधी येणार आणि कधी जाणार, हे सगळ्यांना वर्षभर आधी सांगायचं, एवढंच माझं काम. बातमी ऐकली तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, ते असं: आज सकाळची मुखावरची ओहोटी सात दहाला होती. नवऱ्याच्या मरणावर बाईला आकडा आठवतो, हे मी कुणाला सांगितलं नाही.

रडू आलं नाही. दाढ काढताना सुई देतात, मग ओठ जागेवर आहे हे कळतं पण तो आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. चहा प्यायले तर तो गरम आहे हे कपाच्या वाफेवरून समजायचं.

माझा धाकटा भाऊ त्याच संध्याकाळी आला आणि राहिला. धाकटा वरच्या खाडीच्या बांधावर दरवाजा सांभाळतो. बांधाच्या आत साठलेलं पाणी ठरल्या वेळी खाडीत सोडायचं, ठरल्या वेळी दरवाजा बंद करायचा, अशी त्याची वीस वर्षांची नोकरी. त्याने माणसांना निरोप दिले, भांडी घासली, दारात आलेल्यांच्या चपला सरळ लावल्या. बसला मात्र कुठेच नाही. स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून तो म्हणाला,

"ताई, तुझ्या वेळापत्रकात चूक नाही. कुणी काहीही बोललं तरी ऐकून घेऊ नकोस."

"बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी आले. गृहस्थ सभ्य होते, खुर्चीच्या टोकावर बसले.

"तुमचे पती खेकडे मोजायला मुखावर गेले आणि भरतीत सापडले. म्हणजे दोनच गोष्टी असू शकतात. नावाड्याने त्यांना चिखलावर सोडलं आणि परत आणायला गेला नाही. तो तर म्हणतो, मी नेलंच नाही. त्याची नाव आम्ही ताब्यात घेतली आहे."

"आणि दुसरी?"

त्यांनी माझ्या भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. यंदाचं होतं, नवं, एक तारखेपासूनच लागू झालेलं.

"एक तारखेला या कागदाचा पहिलाच दिवस होता, बाई. यात काही चुकलं असेल का? सहा तारखेपर्यंत लेखी कळवा."

म्हणजे कागद चुकला असेल तर माझ्या नवऱ्याला मी मारलं. कागद बरोबर असेल तर नावाड्याने. मी पेन उघडलं आणि तसंच मिटून ठेवलं.

२

आकडे मी तीन वेळा तपासले. चूक नव्हती. पण स्वतःचंच गणित स्वतः तपासणं म्हणजे आपल्याच पाठीवर आपण थाप मारणं. चार तारखेला मी नावाड्याकडे गेले.

तो धक्क्यावर रिकाम्या खुंटापाशी बसला होता. नाव नसली तरी हातात दोर होता, आणि तो त्याची गाठ घालत होता, सोडत होता. शेजारचे नावाडी चार हात लांब उभे होते. आदल्या आठवड्यापर्यंत हीच माणसं त्याच्या डब्यातलं जेवत असत.

"वहिनी, पंधरा वर्षं साहेबांना नेलं-आणलं," तो म्हणाला. तो माझ्या नवऱ्याला साहेब म्हणायचा, आणि त्याच्या पाठीमागे चिखल्या. "एकदा माझ्या पोरीचं लग्न होतं, त्या दिवशीही फेरी चुकवली नाही. माणूस चिखलात सोडून घरी जाऊन झोपणारा वाटतो का मी तुम्हाला?"

"मग एक तारखेला का नेलं नाहीस?"

त्याने दोराची गाठ आवळली.

"बोल ना. तुझ्या गळ्याशी आलंय."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून अधिकाऱ्यांनाही बोललो नाही. आदल्या दिवशी साहेब म्हणाले, उद्या तू नको. मी विचारलं, का हो? तर हसले. म्हणाले, उद्या मी आमच्या हिची परीक्षा घ्यायला जातोय." त्याने मान खाली घातली. "मला वाटलं, घरात काही वाजलं असेल. नवरा-बायकोच्या मधलं आपण कशाला चव्हाट्यावर आणायचं?"

माणसाची नाव गेली, डब्यातलं जेवणारी माणसं गेली, आणि हा बाबा माझी अब्रू झाकत बसला होता. मला त्याचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. मी फक्त म्हटलं, "आमचं काही वाजलं नव्हतं."

खरंच नव्हतं. एकतीस तारखेला झोपताना नवरा मलाही तेच म्हणाला होता. "उद्या तुझी परीक्षा." मी कूस बदलून म्हटलं होतं, "पास कर." आमचं शेवटचं बोलणं एवढंच. कसली परीक्षा, हे मी विचारलंच नाही.

३

खाडी अभ्यास केंद्र म्हणजे चार खोल्या आणि एक लांब ओटा. नवऱ्याची खोली तिसरी. दारातच त्याचे जुने बूट पडले होते, चिखल वाळून पांढरा झालेला.

केंद्राच्या प्रमुखांनी मला समोर बसवून पाणी दिलं. ते या खुर्चीवर बसल्यापासून त्यांच्या बुटांना चिखल लागलेला कुणी पाहिला नव्हता.

"वेळापत्रकाचंच काहीतरी असणार हो," ते म्हणाले. "तुमच्यावर आरोप नाही, पण यंत्र चुकतं, माणूस चुकतो."

"चिखलावर एकट्याने जायचं नाही असा तुमच्या केंद्राचा नियम आहे ना?"

त्यांचा पाण्याचा पेला अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो नीट बशीवर ठेवला. वड्याचं तेल वांग्यावर निघतंय, हे मला कळलं आणि मला कळलंय हे त्यांनाही.

"नियम आहे. पाळला जात नव्हता. माणसं कमी आहेत." मग खालच्या आवाजात, "त्याला मी गेल्या महिन्यात बोललोही होतो. वरची खाडी मेली आहे असं अहवालात लिही, तिथली मोजणी आपण बंद करू, एक फेरी वाचेल. तो माझ्यावर ओरडला. मेलेली म्हणे! तुमच्यापेक्षा जिवंत आहे म्हणाला."

हे मात्र अगदी माझ्या नवऱ्याचं वाक्य होतं.

"एक तारखेला मोजणी कुठे असते?"

"मुखावर. वीस वर्षं एक तारीख म्हणजे मुख. हे सगळ्या खाडीला माहीत आहे."

शेवटच्या खोलीत टाकीवाली होती. केंद्रातल्या सगळ्या जिवंत प्राण्यांच्या टाक्या ती सांभाळते, म्हणून तिला सगळे टाकीवालीच म्हणतात. माझ्याच वयाची. मला पाहताच तिचे डोळे भरले.

"वहिनी, एक तारखेला मी त्यांच्याबरोबर जाणार होते. मुलाला ताप होता. आदल्या रात्री मी फोन केला तर म्हणाले, येऊ नको, उद्याचं काम चिमूटभर आहे."

"बादली कुणी आणली?"

"पोलिसांनी इथेच टाकली. ही बघा." तिने एका टाकीकडे बोट दाखवलं. "आपल्याकडे आलेला जीव मोजल्याशिवाय आणि टाकीत ठेवल्याशिवाय परत जात नाही. तुमच्या ह्यांनीच ही शिस्त घातली. बावीस आहेत. वरती ओलं गवत झाकलेलं होतं, ते तेवढं काढलं."

टाकीत ओला चिखल होता आणि चिखलात भोकं. तिच्यावर दिवसरात्र एकच मंद दिवा. पाणी बोटभर, चढत नाही की उतरत नाही. खेकडे एकनांगे होते. हे नाव नवऱ्याने दिलेलं, कारण नराची एक नांगी अंगाहून मोठी असते आणि ती तो सारखी वर-खाली करत असतो, जसं रस्त्यापलीकडच्या ओळखीच्या माणसाला हात करतोय. मोठ्या ओहोटीला बिळातून बाहेर यायचं, भरती आली की दार लावून आत बसायचं, असा त्यांचा संसार.

आता मात्र चिखलावर एकही नव्हता.

"मेले का?"

"छे! हट्टी आहेत. टाकीत आणले तरी घरची ओहोटी विसरत नाहीत. पाणी हलो न हलो, तिकडे ओहोटी झाली की इकडे बाहेर. आठ-दहा दिवस असं चालतं, मग हळूहळू विसरतात." ती नाक पुसत म्हणाली. "पण हे जरा बिघडलेत. धक्का बसला असेल. वेळेवर येतच नाहीत."

माझ्या बधिर डोक्यात काहीतरी हललं.

"वेळेवर येत नाहीत म्हणजे कधी येतात?"

"उशिरा. रोज उशिरा."

"किती?"

 मोजलं नव्हतं तिने. मोजणाऱ्या घरातली मी होते.

४

पाच तारखेला सकाळी दहा वाजता मी त्या टाकीसमोर स्टूल घेऊन बसले. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पाच तारखेची मुखावरची ओहोटी होती साडेदहाला.

साडेदहा झाले. कुणी बाहेर आलं नाही. अकरा. साडेअकरा. टाकीवालीने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. पावणेबाराच्या सुमारास एका भोकाच्या तोंडाशी डोळ्यांच्या दोन काड्या उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या. बारा वाजून चाळीस मिनिटांनी बावीसच्या बावीस चिखलावर होते आणि नर आपापली नांगी वर-खाली करत होते.

दोन तास दहा मिनिटं.

हा आकडा मला माझ्या जन्मतारखेइतका पाठ आहे. मुखावर ओहोटी लागली की वरच्या खाडीत ती लागायला दोन तास दहा मिनिटं जातात. खाडी लांब आहे, वळणं आहेत, पाण्याला निघून जायला वेळ लागतो.

खेकडे बिघडलेले नव्हते. ते घड्याळासारखे चालले होते, फक्त मुखावरचे नव्हते.

"ते गवत," मी टाकीवालीला म्हटलं. "बादलीवर झाकलेलं. टाकून दिलंस?"

तिने कचऱ्याच्या टोपलीतून काढून दिलं. वाळलं होतं, पण तिकोनी काडी बोटांत फिरवली की ओळखू येते. लव्हाळा. मुखावरच्या खाऱ्या चिखलात लव्हाळा उगवत नाही. तिथे तिवर. लव्हाळा हवा तर गोडं पाणी मिसळतं तिथे जावं लागतं, वर, बांधाच्या खाली.

म्हणजे नवरा एक तारखेला मुखावर गेलाच नव्हता. आणि कसली परीक्षा, तेही आता कळलं. यंदाच्या वेळापत्रकात मी पहिल्यांदाच वरच्या खाडीचा वेगळा रकाना छापला होता, दोन तास दहा मिनिटं आधीच मिळवून. नवराच किती वर्षं मागे लागला होता. "लोकांना बेरीज का करायला लावतेस? छापून टाक." मी छापलं. पहिल्याच दिवशी तो बघायला गेला, की माझा आकडा तिथल्या पाण्याशी जुळतो का.

माणूस वर बुडाला आणि सापडला खाली. माणसाला ओहोटीचं पाणी एकवेळ खाली आणेल.  पण पाण्याला फांदीवर बादली टांगता येत नाही.

कुणीतरी आणून ठेवलं होतं. एक तारीख म्हणजे मुख, हे माहीत असलेल्या कुणीतरी. मुखावर तो फांदीला बादली कशी टांगतो, हे पाहिलेल्या कुणीतरी.

मला धाकट्याचं वाक्य आठवलं. "ताई, तुझ्या वेळापत्रकात चूक नाही." हे तो एक तारखेला म्हणाला होता. अधिकारी आले दोन तारखेला. त्या संध्याकाळी माझ्या वेळापत्रकाचं नावही कुणी काढलं नव्हतं.

टाकीवालीने विचारलं, "वहिनी, बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, मला काहीच वाटत नाहीये. ते अगदी खरं होतं.

५

सहा तारखेला सकाळच्या बसने मी बांधावर गेले. धाकटा चार तारखेलाच कामावर परतला होता.

दरवाजाची खोली मी पूर्वी पाहिली होती, तेव्हा तिथे मोठं चाक होतं. ते फिरवायला बाहेर उभं राहावं लागायचं. आता आत भिंतीवर दोन बटणं होती, एक हिरवं आणि एक लाल. खिडकी रस्त्याच्या बाजूला. खाली खाडीत काय चाललंय, ते आत बसून दिसत नव्हतं.

"ताई! कळवायचं तरी. मी आलो असतो घ्यायला."

"बस रे."

तो उभाच राहिला. मी भिंत पाहू लागले. गेल्या वर्षीचं माझं वेळापत्रक अजून खिळ्याला होतं, त्याच्यावर यंदाचं. मी वरचा उचलून पाहिलं, तर गेल्या वर्षीच्या कागदावर रोजच्या ओहोटीपुढे पेन्सिलने एकेक आकडा लिहिलेला होता. मुखाची वेळ अधिक दोन तास दहा. वीस वर्षं तो ही बेरीज करायचा, वर्षाच्या सुरुवातीला एकदम नाही, रोज सकाळी त्या दिवसापुरती.

मग वरचा कागद खाली सोडून मी यंदाचा पाहिला. एक तारीख. वरच्या खाडीच्या रकान्यात मी छापलेलं, नऊ वीस. त्याच्यापुढे पेन्सिलने, धाकट्याच्या गोल अक्षरात, अकरा तीस.

दोन तारखेपुढे काही नाही. तो कामावर परतला त्या चारपुढेही नाही. आजच्यापुढेही नाही.

"त्या दिवसानंतर बेरीज का थांबवलीस?" मी विचारलं.

धाकट्याने खोलीचं दार लोटलं. मग दाराला टेकून खाली बसला. सहा दिवसांत पहिल्यांदाच तो बसला होता.

तो बोलला त्यात मला नवीन फारसं नव्हतं, गणित मी बसमध्ये केलं होतं. दरवाजाचा नियम असा: ओहोटीच्या तीन तास आधी उघडायचा आणि एक तास आधी बंद करायचा. तोवर खाडीत पुरेसं पाणी असतं, आतलं पाणी त्यात गुपचूप मिसळतं. पुढे खाडी रिकामी होते, माणसं चिखलात उतरतात, तेव्हा दरवाजा बंदच हवा. ओहोटी नऊ वीसला, म्हणजे दरवाजा सहा वीसला उघडून आठ वीसला बंद. पण धाकट्याच्या हिशेबाने ओहोटी साडेअकराला होती. त्याने दरवाजा उघडला साडेआठला.

माझा नवरा पहिल्या बसने आला असणार, आठच्या आधीपासून काठावर होता. खेकडे धरले, लव्हाळ्याने झाकले, बादली वरच ठेवली. आठ वीसला त्याने दरवाजाजवळ जाऊन पाहिलं असणार. दरवाजा बंद होता. बंदच असायला हवा होता. तो त्या दिवशी अजून उघडलाच गेला नव्हता, हे त्याला कसं कळणार? तो मोजकाठी घेऊन खाडीच्या मधोमध उतरला, आणि दहा मिनिटांनी वरून दरवाजाचं पाणी सुटलं.

"धुकं होतं, ताई. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. दहाच्या सुमारास बाहेर आलो तर काठावर बादली. भाऊजींची हिरवी बादली. म्हटलं, हे आज इथे कसे? आज तर एक तारीख. मग खाली पाहिलं. खाडीत तळ दिसत होता आणि आपल्या दरवाजाचं पाणी त्यातून धो धो चाललं होतं. तेव्हा कळलं, ओहोटी आत्ताच आहे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "दुसऱ्या वळणावर सापडले."

"आणि मुखावर नेलंस."

"पाणी चढेपर्यंत त्यांच्याजवळ बसलो. मग बांधाच्या होडीतून नेलं. दुपारपर्यंत धुकं हललं नाही. मला वाटलं, भरतीत गेले असं लोक म्हणतील. भरतीचा कुणाला राग येत नाही."

"नावाड्याचा आला ना."

"ते मला वाटलं नव्हतं. आई शपथ, ताई, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुला रोज सांगायचं ठरवायचो. तू भांडी पुसत असायचीस. तू काहीच बोलत नव्हतीस." मग त्याने कोपऱ्यातल्या टेबलाकडे मान केली. "नोंदवहीत साडेआठ लिहिलंय मी. खोटं अक्षर लिहिलेलं नाही. इथे कुणी विचारायलाच आलं नाही."

सगळी खाडी पालथी घातली, आणि कळसा काखेत.

"तू पाण्याकडे बघायचास ना रे पूर्वी? उघडायच्या आधी?"

"चाक होतं तेव्हा बघायचो." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आता काय बघायचं? तुझं वेळापत्रक होतं ना."

मी पुन्हा भिंतीपाशी गेले. कागदाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, मीच टीप छापली होती. वरच्या खाडीच्या वेळा सुधारून दिल्या आहेत, वेगळी बेरीज करू नये. ती लिहिताना एकदा मनात आलं होतं, धाकट्याला फोन करून सांगावं, तो रोज बेरीज करतो. मग म्हटलं, वाचेल की.

वेळापत्रकात चूक नव्हती. एका मिनिटाची नव्हती. मी तिथे उभी राहून तेवढंच पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

धाकट्याने दारामागून लाल-पांढरी मोजकाठी काढली. ते रंगाचे पट्टे मीच मारले होते, गेल्या वर्षी, घराच्या पायरीवर बसून.

"ही ठेवली होती. फेकवेना." मग म्हणाला, "तू सांगणार त्यांना?"

"नाही. तू सांगणार. मी शेजारी बसेन."

"मला धरतील, ताई."

"हो."

तो माझ्या हाताखाली वाढलेला. शाळेत त्याची पाटी फुटली की मी माझी द्यायची. आता द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. त्याने उठून दुसऱ्या माणसाला फोन केला, दरवाजा सांभाळायला बोलावलं, तो येईपर्यंत थांबला. जाताना सवयीने दोन्ही बटणं तपासली.

६

अधिकाऱ्यांसमोर धाकटा बोलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न थांबता. मी शेजारी बसले होते. तो संपल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे वेळापत्रक बरोबर होतं?"

"बरोबर होतं," मी म्हटलं. "टीप लहान होती. ते लिहून घ्या. भाऊ बेरीज करतो हे मला माहीत होतं, आणि मी त्याला सांगितलं नाही, हेही लिहा."

"त्याची गरज नाही, बाई."

"मला आहे."

त्यांनी लिहिलं. धाकट्याला आतल्या खोलीत नेलं. दारातून वळून तो म्हणाला, "जेवून घे, ताई." संध्याकाळी नावाड्याला नाव परत मिळाली. मोकळ्या नावेत तो कितीतरी वेळ नुसता बसून होता म्हणे. लांब उभे राहणारे एकेक करून जवळ आले, आणि त्याने त्यांना बसायला जागा दिली.

दहा तारखेला मी टाकीवालीकडे गेले. "खेकडे दे."

"अजून वेळेवर येतात हो, आता विसरतील एकदोन दिवसांत."

"म्हणूनच दे."

नावाड्याने मला वरच्या खाडीत नेलं.  वाटेत बादलीवर ऊन येतंय म्हणून त्याने आपला पंचा टाकला. काठावर निवटे मासे चिखलावर उड्या मारत होते, एक बगळा एका पायावर उभा राहून त्यांचा हिशेब ठेवत होता, आणि लव्हाळ्याच्या मुळाशी लाखभर भोकं. मेलेली म्हणे.

दरवाजा बंद होता. तरी मी नावाड्याला वर पाठवलं आणि नव्या माणसाकडून तोंडी विचारून घेतलं. मग चपला काढून गुडघाभर चिखलात गेले आणि मोजकाठी रोवली. माझ्या कागदाप्रमाणे त्या दिवशी वरच्या खाडीची ओहोटी चार पन्नासला होती. मी घड्याळ हातात धरून उभी राहिले.

चार पन्नास. पाणी काठीवर अजून उतरत होतं. चार बावन्न. अजून, केसाएवढं. चार चौपन्नला ते थांबलं, आणि काठीला चिकटलेली एक काडी उलट दिशेला वळली.

मी बादली आडवी केली. बावीस खेकडे निघाले, जराही न गोंधळता, चिखलावर पसरले. एक नर थोडा पुढे जाऊन थांबला आणि त्याने आपली मोठी नांगी वर केली.

"चार मिनिटं," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण नावेतून नावाड्याने वर पाहिलं. "चार मिनिटं चुकलंय माझं."

एवढं तर तो पास करायचा. मला त्याचा आवाज ऐकू आला, कूस बदलून बोलल्यासारखा अगदी जवळून, आणि मग मला रडू आलं. गुडघाभर चिखलात उभी राहून मी रडले, पाणी पायाला लागेपर्यंत. मग नावाड्याने हाक मारली, "वहिनी, भरती लागली, चला आता," आणि मी काठी उपटून घेतली.